शून्याचा हट्ट

रीफ टँक म्हणजे घरातल्या काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी, खडक, मासे आणि प्रवाळ एकत्र जगवण्याचा उद्योग. हा नाद लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच एक सूत्र पाठ करायला लावले जाते: नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि आकडा वर गेला की त्यावरची बाटली. दुकानाच्या फळीवर तशा बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. एक नायट्रेट उतरवणारी, एक फॉस्फेट खेचणारी, एक पीएच चढवणारी, एक लाल शेवाळ दोन दिवसांत घालवणारी. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. त्यांतल्या पुष्कळांनी स्वतःच्या टाक्या वर्षानुवर्षे सांभाळलेल्या आहेत. पण हे सूत्र दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. शून्य हे प्रवाळांना मानवणारे लक्ष्य नाही, आणि बाटली ज्या आकड्यावर काम करते तो आकडा म्हणजे टाकीतला मूळ दोष नव्हे. पाणी बिघडते ते टाकीत रोज येणाऱ्या आणि टाकीतून रोज बाहेर पडणाऱ्या द्रव्यांचा जमाखर्च बिघडल्यामुळे. तो जमाखर्च न पाहता केलेला उपाय थोड्याच दिवसांत उलटतो आणि त्याची किंमत टाकीतले मुके जीव मोजतात. म्हणून या सूत्राचा प्रतिवाद सविस्तर करणे मला आवश्यक वाटते.

आधी जमाखर्च आकड्यांत पाहू. दोनशे लिटरची टाकी आणि रोज एक ग्रॅम कोरडे खाद्य एवढाच हिशेब घ्या. चांगल्या खाद्यात जवळपास निम्मी प्रथिने असतात आणि प्रथिनांत वजनाच्या सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे त्या एका ग्रॅमबरोबर सुमारे ८० मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत पडला. मासा खाद्य खातो आणि त्यातला बराचसा नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. खडकावरचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. सगळा नायट्रोजन या वाटेने गेला तर त्याचे सुमारे ३५० मिलिग्रॅम नायट्रेट होते. दोनशे लिटरमध्ये ते लिटरमागे पावणेदोन मिलिग्रॅम भरते आणि आठवड्याला बारा. त्याच खाद्यात एक टक्का फॉस्फरस धरला तर रोज लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम फॉस्फेट येते. फॉस्फेटचा आकडा ०.०५ वरून ०.१० झाला की घबराट उडते; पण त्या वाढीच्या तिप्पट फॉस्फेट रोज आपल्याच चिमटीतून पाण्यात पडत असते. तरीही बहुतेक टाक्यांतला आकडा या वेगाने चढत नाही, कारण खर्चाची बाजूही तेवढीच मोठी आहे. माशांची वाढ होते, स्किमर फेसावाटे सेंद्रिय मळ बाहेर काढतो, शेवाळ आणि जिवाणू वाढताना दोन्ही द्रव्ये उचलतात, प्रवाळ उचलतात, आणि लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जिवाणूंनी वसलेल्या खडकाच्या, आत जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. टेस्ट किट दाखवते ती या दोन मोठ्या प्रवाहांमधली शिल्लक. शिल्लक तेवढी पाहून जमा जास्त झाली की खर्च आटला हे कळत नाही. शिल्लक शून्य असलेली टाकी समतोल असेल असेही नाही, कदाचित तिथले जीव उपाशी असतील.

या हिशेबाने सर्वांत निरुपद्रवी सल्लासुद्धा तपासून पाहावा. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला म्हणजे नायट्रेट आटोक्यात राहील, असे सर्रास सांगितले जाते. वरच्या टाकीत आठवड्याला बारा मिलिग्रॅमची भर पडत असेल आणि दुसरी कोणतीही वाट नसेल, तर दहा टक्के बदलाने नायट्रेट १२० च्या आसपास जाऊनच स्थिरावेल, कारण त्या पातळीला पोहोचल्यावरच दहा टक्के पाण्याबरोबर बारा मिलिग्रॅम बाहेर जातात. निम्मा भार स्किमर आणि जिवाणूंनी उचलला तरी आकडा साठवर थांबतो. माणूस दर रविवारी प्रामाणिकपणे बादल्या उपसतो, आकडा हलत नाही, आणि आपलेच काही चुकते आहे असे समजून तो बाटलीकडे वळतो. पाणी बदलणे वाया जाते असे मी म्हणत नाही. कमी-अधिक झालेले सूक्ष्म क्षार त्याने सावरतात, पाण्यात साठत जाणारी न ओळखता येणारी द्रव्ये विरळ होतात, आणि ही सवय मोडू नये असेच माझे मत आहे. पण वाढीचा वेग तसाच ठेवून केवळ विरळ करण्याने शिल्लक किती उतरू शकते याला गणिताची मर्यादा आहे. नवी भर पूर्ण थांबली तरी ५० चे ५ व्हायला दहा टक्क्यांचे बावीस बदल लागतात, म्हणजे पाच महिने.

जमेच्या बाजूला खाद्याच्या खालोखाल मोठे आणि कितीतरी दुर्लक्षित असे एक कलम आहे: उडालेल्या पाण्याची भरपाई. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. म्हणून भरपाईचे पाणी शुद्ध, क्षाररहित हवे. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या प्रमाणकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. माणसाने निर्धास्त प्यावे असे पाणी टाकीसाठी काय करते ते पाहा. उन्हाळ्यात उघड्या तोंडाच्या दोनशे लिटरच्या टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडाले आणि ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या बोअरवेलच्या पाण्याने भरले, तर महिन्याला लिटरमागे १८ मिलिग्रॅम नायट्रेटची भर केवळ भरपाईतून पडली, खाद्याचा एक कणही न टाकता. विदर्भ-मराठवाड्यात भूजलातले नायट्रेट ही जुनी तक्रार आहे, आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत टँकरचे पाणी कुठल्या विहिरीचे असते ते कोणी विचारत नाही. घरात आरओ आहे म्हणून निश्चिंत राहणेही बरोबर नाही. पिण्यासाठीच्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळणारा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो, काहींत खनिजे घालणारे काडतूसही असते. ग्लासातल्या पाण्यासाठी ती सोय ठीक आहे. टाकीसाठी तीच साठत जाणारी घाण ठरते. टाकीला मेम्ब्रेननंतर डीआयोनायझिंग रेझिन जोडलेले, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणीच लागते. शून्याचा आग्रह धरायचाच असेल तर तो या एका ठिकाणी धरावा. किनाऱ्यावरून कॅन भरून समुद्राचे पाणी आणणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मुंबईचे सांडपाणी वरळी आणि वांद्र्याच्या नळांतून समुद्रातच जाते, तेव्हा चौपाटीवरचे पाणी नैसर्गिक म्हणून निर्मळ धरता येत नाही.

आता शून्याच्या सूत्रामागचा सर्वांत भक्कम वाटणारा युक्तिवाद. खऱ्या प्रवाळबेटांभोवतीच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ नसतातच, मग टाकीत ते का असावेत, असा प्रश्न विचारला जातो. निरीक्षण खरे आहे. उघड्या उष्ण समुद्राचे पाणी इतके निःसत्त्व आणि त्यात उभी असलेली सृष्टी इतकी समृद्ध कशी, हे कोडे डार्विनच्या नावाने ओळखले जाते. पण त्या कोड्याचे उत्तरच या युक्तिवादाला छेद देते. बेटावरून दिवसरात्र अफाट पाणी वाहत असते. त्यात द्रव्य विरळ असले तरी दर तासाला प्रवाळाच्या अंगावरून जाणारे एकूण द्रव्य थोडे नसते, शिवाय त्या पाण्याबरोबर प्लवंग येतात, माशांची विष्ठा पडते, खालचे थंड पाणी अधूनमधून वर येते. काचेच्या टाकीत तेच दोनशे लिटर फिरत राहतात. तिथे शिल्लक शून्य केली तर वाहून येणारे काहीच नसते. समुद्राचा आकडा उचलून टाकीत आणला पण समुद्राचा ओघ आणला नाही, तर निसर्गाचे अनुकरण अर्धेच होते, आणि या प्रकरणात ते अर्धे अनुकरण घातक ठरते.

हा नुसता तर्क नाही. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात यॉर्ग वीडनमान यांच्या गटाने हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या टाक्यांतच तपासला आहे, म्हणून त्यांचे काम आपल्याला फार जवळचे आहे. २०१३ साली त्यांनी दाखवले की पाण्यात नायट्रोजन वाढला आणि फॉस्फेट मात्र तुटीत राहिले, तर प्रवाळाच्या पेशींतल्या सहजीवी शैवालाच्या पटलांतले स्निग्ध घटक बदलतात, आणि उष्णता व प्रकाश थोडा वाढला तरी प्रवाळ पांढरा पडतो. २०१७ च्या अभ्यासात फॉस्फेटच्या तुटीचा दोष अधिक स्पष्ट झाला. एखाद्या टाकीत फॉस्फेट शोषणारी लोह ऑक्साइडची भुकटी हौसेने भरली आणि नायट्रेट मात्र वीसवर राहिले, तर आपण नकळत याच तुटीकडे टाकी ढकलत असतो. २०२३ साली याच गटाने ‘नेचर’मध्ये मांडलेला निष्कर्ष तर शून्याच्या सूत्राला मुळापासून हलवणारा आहे. प्रवाळ आपल्या सहजीवी शैवालाकडून केवळ साखर घेत नाही. पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर तो शैवालाला वाढू देतो आणि वाढलेल्या शैवालातले काही पचवून ती द्रव्ये स्वतःच्या अंगी लावतो. बाहेरून खाद्य न मिळताही पाण्यात ही द्रव्ये असतील तोवर प्रवाळ वाढत राहिले. आपल्याच हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहात, जिथे समुद्रपक्ष्यांची विष्ठा पाण्यात उतरते अशा बेटांलगत प्रवाळांची वाढ अधिक दिसली, हेही त्यांनी नोंदवले. ज्या द्रव्याला आपण मळ म्हणून पूर्ण पुसून काढतो आहोत, ते प्रवाळाचे अन्न आहे.

भारतीय टाक्यांच्या बाबतीत तर हे सूत्र आणखी अस्थानी आहे. रीफ बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणून कायदा पाळणाऱ्या घरात प्रामुख्याने मऊ प्रवाळ, झोअँथिड आणि मशरूम कोरल हेच दिसतात. नायट्रेट-फॉस्फेट टोकाचे कमी ठेवण्याची शिस्त परदेशात ॲक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांचे रंग उजळ दिसावेत म्हणून मांडली गेली, आणि तिथेही आता ती सैल होत चालली आहे. लेदर कोरल, झिनिया, मशरूम हे जीव काहीशा पोषक, गढूळसर पाण्यातही आनंदाने वाढतात. त्यांना कडक उपासावर ठेवले की ते आक्रसतात, उघडत नाहीत, हळूहळू लहान होत जातात. मालक समजतो पाणी अजून पुरेसे स्वच्छ नाही, आणि उपास आणखी कडक करतो.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला टाळून जाता येणार नाही. सांडपाण्याने, खतांच्या वाहत्या पाण्याने जगभरची प्रवाळबेटे मेली आहेत. मग पोषकद्रव्ये प्रवाळाला हवीत असे म्हणणे बेजबाबदारपणाचे नाही का? अतिरेक मारक असतो, याबद्दल दुमत नाही. नायट्रेट पन्नास-साठवर आणि फॉस्फेट अर्ध्या मिलिग्रॅमवर सोडून द्या असे कोणी सांगत असेल तर मी त्याच्या विरोधात आहे. पण या आक्षेपासाठी जे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दिले जाते ते नीट पाहावे. हवाईमधल्या कानेओहे उपसागरात दशकानुदशके सांडपाणी सोडले जात होते. एका हिरव्या शेवाळाने प्रवाळ झाकून टाकले होते. १९७७-७८ मध्ये ते सांडपाणी दुसरीकडे वळवले गेले. पाणी लवकर निवळले, शेवाळ पुष्कळ घटले, तरी काही भागांत ते पुढे कित्येक वर्षे चिवटपणे टिकून राहिले. उपाय कोणता झाला? जमेचे कलम बंद केले गेले. आणि वेळ किती लागला? वर्षे. उपसागरात कोणी शेवाळनाशक ओतले नव्हते. दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. ग्रेट बॅरियर रीफवरच्या वन ट्री आयलंडजवळ १९९० च्या दशकात लहान प्रवाळवलयांवर मुद्दाम नायट्रोजन आणि फॉस्फरस सोडून काही वर्षे प्रयोग केला गेला. प्रवाळांच्या प्रजननावर वाईट परिणाम दिसले, म्हणजे नुकसान खरेच होते; पण शेवाळाने सगळे गिळून टाकले नाही. पोषकद्रव्य वाढले की शेवाळ माजणारच, हे समीकरण तिथेही सरळ उतरले नाही, कारण शेवाळ खाणारे जीव हजर होते. खर्चाची बाजू शाबूत होती.

ज्या शून्यासाठी एवढा आटापिटा चालतो ते घरात मोजता येते का, हेही विचारायला हवे. हातात धरायच्या स्वस्त फॉस्फेट मीटरची त्रुटी उत्पादकाच्याच माहितीपत्रकात लिटरमागे ०.०४ मिलिग्रॅमच्या घरात असते. त्या मीटरवर ०.०० दिसले तर खरा आकडा ०.०४ असू शकतो, आणि ०.०४ दिसले तर खरा आकडा शून्य असू शकतो. एकाच्या टाकीत भरपूर आहे, दुसऱ्याच्या टाकीत दुष्काळ आहे, मीटर दोघांनाही जवळपास सारखेच सांगतो. रंग जुळवून पाहायच्या नायट्रेट किटमध्ये आणखी एक खोट आहे. ते किट नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मग रंग देते, त्यामुळे पाण्यात मुळात थोडे नायट्राइट असले तरी नायट्रेट अव्वाच्या सव्वा दिसते. नव्या, पुरती न रुळलेल्या टाकीत हे हमखास घडते आणि तिथेच सर्वांत जास्त बाटल्या खपतात. फॉस्फेटही सगळे पाण्यात नसते. ते खडकाच्या आणि वाळूच्या कॅल्शियम कार्बोनेटला चिकटून बसते. पाण्यातले फॉस्फेट एकदम खेचले की खडकातले सुटून बाहेर येते, चार दिवसांनी आकडा पुन्हा पूर्वपदावर. औषध खोटे निघाले असे माणसाला वाटते. प्रत्यक्षात औषधाने काम केले होते. खडकात महिनोन्महिने साठलेली ठेव कोणी हिशेबात धरलीच नव्हती.

बाटल्या काम करतात, आकडा उतरताना आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे, असे अनुभवी लोक सांगतात. ते खरे बोलतात. माझा मुद्दा आकडा उतरल्यानंतरच्या महिन्याचा आहे. लाल, चिकट थर धरणारे तथाकथित शेवाळ हे वास्तविक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. त्यावरच्या काही प्रसिद्ध पुड्यांत प्रतिजैविक असते आणि थर दोन-तीन दिवसांत खरोखर जातो. पण मेलेल्या थरातले नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यातच सुटते, तो थर कुजताना ऑक्सिजन खातो, आणि ज्या मंद प्रवाहाच्या कोपऱ्यात कचरा साठत होता तो कोपरा तसाच राहतो. थर परत येतो, किंवा त्याच्या जागी त्याहून वाईट काही येते. रीफ टँक सांभाळणाऱ्यांत आता सर्वत्र बोलले जाते की डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशी जीवांचा तपकिरी, बुडबुडे धरणारा, तारेसारखा लोंबणारा उद्रेक बहुतेक वेळा कोरडा खडक घालून सुरू केलेल्या, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलेल्या टाक्यांत होतो. त्यांच्यातल्या ऑस्ट्रिऑप्सिससारख्या जाती विषारी असतात. ते खाणाऱ्या गोगलगायी मरतात. शून्य गाठल्यावर ज्या जीवांशी स्पर्धा करणारे बाकीचे शेवाळ आणि जिवाणू उपासाने मेले, त्या जीवांना रान मोकळे मिळाले, असेच याचे सर्वांत सयुक्तिक स्पष्टीकरण दिसते. व्होडका किंवा व्हिनेगर थेंब-थेंब घालून जिवाणू वाढवण्याची पद्धत मी याहून वरच्या दर्जाची मानतो, कारण तिच्यात निदान खर्चाची वाट ठरलेली आहे: जिवाणूंनी द्रव्य उचलायचे आणि स्किमरने जिवाणू बाहेर काढायचे. पण तीही मात्रा चुकली तर प्राणघातक आहे. वाढणारे जिवाणू ऑक्सिजन घेतात, आणि समुद्राचे पाणी २५ अंशांना लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते ते ३० अंशांना सव्वासहाच्या आसपासच धरते. मे महिन्यातल्या रात्री, वीज गेलेली असताना, जादा मात्रा घातलेली टाकी सकाळपर्यंत मेलेली सापडू शकते.

पीएचच्या बाटलीचे उदाहरण या सगळ्यांत मला सर्वांत बोलके वाटते, कारण तिथे दोष पाण्यातही नसतो. एसी लावून बंद केलेल्या बेडरूममध्ये, किंवा पावसाळ्यात खिडक्या लावून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दुप्पट-तिप्पट होतो. तो पाण्यात विरघळतो आणि पीएच ८.१ वरून ७.८ वर येतो. माणूस बफर घालतो. बफर म्हणजे मुख्यतः खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार. त्याने अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता, वाढते, पीएच तासाभरापुरता हलतो, आणि खोलीतल्या हवेशी समतोल होताच पुन्हा खाली येतो. माणूस पुन्हा घालतो. समुद्रात सातच्या आसपास असणारी अल्कलिनिटी अशा टाक्यांत बारा-चौदा डीकेएचपर्यंत जाते, कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या थरासारखे हीटरवर आणि पंपाच्या पंख्यावर बसू लागते, कॅल्शियम घसरते, मग कॅल्शियमची बाटली. रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी रीफ टँकच्या रसायनावर वर्षानुवर्षे जे लिहिले त्यात यावरची साधी परीक्षा आहे: टाकीतले थोडे पाणी भांड्यात घेऊन गच्चीवर किंवा खिडकीबाहेर तासभर हवा द्या आणि पीएच पुन्हा मोजा. तो चढला तर दोष खोलीतल्या हवेचा. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर सोडणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि त्याला नळीच्या किमतीपलीकडे काही लागत नाही.

अपवाद मान्य करायला हवेत. अमोनिया चढला असेल, विशेषतः समुद्राच्या चढ्या पीएचवर, तर विचार करत बसायला वेळ नसतो. अमोनिया बांधून ठेवणारे द्रव्य घालावे, मोठा पाणीबदल करावा, मेलेला मासा शोधून काढावा. क्लोरीन असलेले नळाचे पाणी चुकून गेले तरी तेच. फॉस्फेट खरोखर अर्ध्या मिलिग्रॅमवर पोहोचले असेल तर लोह ऑक्साइडची भुकटी वापरण्यालाही माझी हरकत नाही, मात्र थोडी थोडी, आठवडे घेऊन, आणि खडकातली ठेव सुटत राहणार हे धरून. माझा विरोध द्रव्यांना नाही. निदानाआधी औषध देण्याला आहे.

काहींचे म्हणणे असे की नवख्याला हा सगळा हिशेब झेपणार नाही, त्याला सोपे लक्ष्य हवे, म्हणून शून्य सांगावे. मला हे उलटे दिसते. अनुभवी माणूस प्रवाळाचा रंग, माशाची भूक, स्किमरचा फेस पाहून आकड्याकडे दुर्लक्ष करू शकतो. नवख्याकडे आकड्याशिवाय काही नसते, म्हणून चुकीचा आकडा त्यालाच सर्वांत जास्त बुडवतो. आणि योग्य सल्ला काही अवघड नाही. नायट्रेट दोन ते दहाच्या दरम्यान, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही आठवड्यामागून आठवडे जवळपास तिथेच. एवढे वाक्य ‘शून्य’पेक्षा फार लांब नाही. आणि टिकाऊ उपाय बाटलीत नव्हे तर जमाखर्चात असतो, हे या कलेचा इतिहासही सांगतो. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक आणि हवेच्या बुडबुड्यांवर टाकी चालवण्याची पद्धत प्रसिद्ध केली; बर्लिनच्या लोकांनी खडकाला जोरकस स्किमरची जोड दिली; वॉल्टर एडी यांनी स्मिथसोनियनमध्ये जाळीवर शेवाळ वाढवून ते खरवडून टाकण्याची वाट काढली; मोनॅकोच्या झां जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवून नायट्रेट वायूत घालवले. चौघांच्या पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत, त्यांच्या पुरस्कर्त्यांत वादही झाले. पण एकाही पद्धतीचा पाया बाटलीवर नव्हता. प्रत्येकाने द्रव्य टाकीतून बाहेर जाण्याची एक कायमची वाट बांधली.

मरीनचे सामान विकणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. गिऱ्हाईक शेवाळाचा फोटो दाखवून औषध मागते तेव्हा फळीकडे हात नेण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: रोज किती खाद्य घालता, भरपाईचे पाणी कुठले आणि त्याचा टीडीएस किती, स्किमरचा कप शेवटचा कधी धुतला, वाळूत कुठे कचरा साठतो. या चार उत्तरांत बहुतेक टाक्यांचा आजार सापडतो. आणि ज्यांच्या घरात आत्ता हिरवे किंवा तपकिरी काही माजले आहे, त्यांना विनंती: चार आठवडे एक वही ठेवा. रोजचे खाद्य डोळ्यांच्या अंदाजाने न घालता वजन करून घाला आणि लिहा, किती लिटर पाणी उडाले ते लिहा, दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, त्याच किटने नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटी मोजून लिहा. शेवाळ हाताने उपटून बाहेर टाका. तोही खर्चच आहे. अमोनिया चढल्याशिवाय या चार आठवड्यांत कोणतीही बाटली उघडू नका.